आधी ठसा की आधी कानस? जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरचं मूळ कसं शोधतात

फोर्टमध्ये एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे मी २३ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर काढली. आता रोज जात नाही, पण एखादी अडलेली वस्तू आली की बोलावणं येतं. मागच्या पावसाळ्यात असाच गेलो, तेव्हा ठाकूरद्वारचा एक मुलगा माझी वाट बघत बसला होता. त्याचे आजोबा लष्करातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पश्चात घरच्यांनी त्यांचं रिव्हॉल्व्हर रीतसर दुकानात जमा केलं, ते तिथल्या तिजोरीत पडून होतं. मुलाला ते घरी न्यायचं नव्हतं, परवाना आपल्या नावावर नाही हे त्याला नीट ठाऊक होतं. हे मुळात कुठून आलं ते कुणीतरी सांगावं, एवढीच त्याची इच्छा.

घरात सांगितली जाणारी हकीकत अशी. आजोबा देवळालीच्या छावणीत होते. १९४५ साली लढाई संपली, गोरे अधिकारी मायदेशी निघाले आणि एका मेजरसाहेबाने जाताना आपल्या कमरेचं वेब्ली, म्हणजे ब्रिटिश बनावटीचं लष्करी रिव्हॉल्व्हर, काढून आजोबांच्या हातात ठेवलं.

रिकामं असल्याची खात्री करून मी ते कापडावर ठेवलं. नळी जेमतेम तीन इंच. अंगभर आरशासारखं निकेल. मुठीला शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. "काका, वेब्लीच आहे ना?" त्याने विचारलं.

ते वेब्ली नव्हतं, आणि हे कळायला एकही अक्षर वाचावं लागलं नाही. वेब्ली उघडताना मधोमध मोडतं. वरची कडी सोडली की नळी आणि गोळ्यांचे कप्पे असलेला फिरता सिलिंडर पुढच्या बिजागरीवर खाली झुकतात आणि रिकामी काडतुसं आपोआप वर उचलली जातात. ब्रिटिशांच्या दुसऱ्या लष्करी रिव्हॉल्व्हरचं, एनफिल्डचंही तसंच. या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मात्र डाव्या बाजूला दारासारखा बाहेर आला. ही अमेरिकन पद्धत. म्हणजे पहिल्याच मिनिटाला गोष्टीतला 'वेब्ली' शब्द गळून पडला. मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, थांब, अजून तर काहीच वाचलं नाही आपण.

अशा वस्तूंबद्दल एक समज मला फार खटकतो. नळी कापली, निकेल चढवलं, मुठी बदलल्या की तिची 'ओरिजिनॅलिटी' गेली आणि आता तिच्याकडून काही कळणार नाही, असं लोक धरून चालतात. मला याच्या उलट अनुभव आहे. चाळीतल्या भिंतीचा पोपडा निघाला की निळा रंग दिसतो, त्याखाली पिवळा, त्याखाली पांढरा चुना. कुठला थर कुठल्याच्या वर बसलाय ते दिसलं की त्या खोलीत काय काय घडलं ते सांगता येतं. बदललेल्या शस्त्राचंही तसंच वाचन करायचं असतं. प्रत्येक खुणेला विचारायचं: तू आलीस त्याआधी काय घडून गेलं होतं, आणि तुझ्यानंतर काय घडलं?

सुरुवात कारखान्यापासून. ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये वेब्लीचं पहिलं मॉडेल घेतलं. त्यानंतर एकेक सुधारणा होत १९१५ मध्ये सहावं मॉडेल आलं: सहा इंचांची नळी, .४५५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथे इंचांत), चौकोनी मूठ. पहिल्या महायुद्धात खंदकांत वापरलं गेलं ते हेच. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट ते बनवायची. १९२१ पासून काही वर्षं सरकारच्या एनफिल्ड कारखान्यातही ते बनलं. पुढे लष्कराला हलकं, कमी धक्का देणारं हत्यार हवं झालं, म्हणून १९३२ मध्ये .३८ बोअरचं एनफिल्ड नंबर २ आलं. सांगाड्याच्या उजव्या बाजूला 'एनफिल्ड', खाली नंबर, मॉडेल आणि चक्क साल छापलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात तेही पुरेना. मग ब्रिटनने अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनकडून .३८ बोअरची पाच लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हरं घेतली. ती ब्रिटनबरोबरच राष्ट्रकुलातल्या फौजांकडेही गेली.

आमच्या टेबलावरचं हेच होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात त्या मॉडेलचे अनुक्रमांक १९४२ मध्ये १० लाखांपर्यंत पोहोचले, तेव्हा आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले आणि आधी इंग्रजी व्ही अक्षर जोडलं. व्ही म्हणजे व्हिक्टरी. दस्त्याच्या तळाशी भिंगातून ते व्ही स्पष्ट दिसत होतं. म्हणजे १९४२ ते १९४५ मधलं काम.

दुसरा प्रश्न, मालक कोण? सरकारी मालावर ब्रिटिश सरकार बाणाचं टोक ठोकायचं, कोंबडीच्या पायाच्या ठशासारखं दिसणारं. आमचे जुने कारागीर त्याला 'कोंबडीचा पाय' म्हणायचे. बाणाभोवती सी असेल तर कॅनडा, बाणाला इंग्रजी आय जोडलेलं असेल तर हिंदुस्थान सरकार, दोन्ही बाजूंना डी असेल तर ऑस्ट्रेलिया. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर तो माल सरकारने स्वतः विकून मोकळा केलेला. ही शेवटची खूण पुष्कळांना माहीत नसते. त्यामुळे 'सरकारी बाण आहे, म्हणजे चोरीचा माल' असा निष्कर्ष उगाच काढला जातो.

मात्र बाण नाही म्हणजे लष्करी नाही, असंही म्हणता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रिटिश अधिकाऱ्याला कमरेचं हत्यार स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे. लष्कराचं काडतूस त्यात चाललं पाहिजे, एवढीच अट. अशा रिव्हॉल्व्हरवर बाण नसतो, दुकानदाराचं नाव कोरलेलं असतं. मुंबईकरांसाठी यातली एक खूण पायाखालची आहे. काळा घोड्याला डेव्हिड ससून वाचनालयाच्या शेजारी जी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे, ती याच अधिकाऱ्यांना बूट-खोगिरापासून सगळं विकणाऱ्या सहकारी सोसायटीची. सोसायटीने मुंबईत दुकान उघडलं १८९१ मध्ये. सोसायटीच्या नावाचा ठसा वेब्लीच्या नळीवरच्या पट्टीवर सापडतो. मी तिथून जाताना अजूनही वर मान करून बघतो. आमच्या टेबलावर आलेल्या एक-दोन वेब्लींवर त्या सोसायटीचं नाव मी स्वतः वाचलेलं आहे.

आता बदलांकडे येऊ. लेखाचा खरा गाभा हाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: बदल म्हणजे गुन्हा नव्हे. कित्येक बदल खुद्द सरकारने केलेले आहेत. एनफिल्डच्या मूळ मॉडेलला घोड्याच्या मागे अंगठ्याने ओढायचं टोक होतं. रणगाड्यात चढता-उतरताना ते टोक अडकायला लागलं, तेव्हा १९३८ मध्ये टोक नसलेलं मॉडेल मंजूर झालं आणि त्याच्या नावापुढे एक चांदणी आली. युद्धकाळात जुनी एनफिल्डं दुरुस्तीला आली की त्यांचेही घोडे तसेच करून दिले जात. त्यामुळे १९३४ साल छापलेल्या रिव्हॉल्व्हरवर बिनटोकाचा घोडा दिसला तर घाबरायचं कारण नाही. मॉडेलच्या आकड्यापुढची चांदणी बघायची. मूळ अक्षरं एका साच्यातली असतात, चांदणी मागून ठोकलेली, किंचित तिरकी, कडांना वेगळी. ती दिसली की सरकारी कारखान्यातच बदल झाला असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. टोक कापलेलं आहे पण चांदणी नाही, तर मग तो कुणाच्या तरी घरचा उद्योग.

युद्धानंतर मात्र हत्यारं विक्रीला निघाली आणि खाजगी कानशी चालू झाल्या. अमेरिकेत गेलेल्या हजारो .४५५ वेब्लींच्या सिलिंडरचा मागचा भाग तासून त्यात अमेरिकन .४५ काडतूस बसेल असं केलं गेलं, कारण .४५५ काडतूस तिथे सहज मिळत नव्हतं. तासलेल्या भागाबरोबर मागच्या बाजूच्या खुणाही गेल्या. वर त्या काडतुसाचा दाब मूळ हत्याराला झेपण्यापेक्षा जास्त, त्यामुळे असं रिव्हॉल्व्हर धोक्याचं. पण माग काढणाऱ्याला यातून एक नक्की कळतं: ते आयुष्यात कधीतरी अमेरिकेच्या बाजारात जाऊन आलेलं आहे.

.३८ चा घोळ याहून मोठा. नाव एक, काडतुसं वेगळी. बांगड्यांच्या दुकानात दोन-चार आणि दोन-सहा यांत किती फरक असतो? डोळ्याला जवळजवळ नाहीच, हातात घालताना मात्र सगळा. ब्रिटिश लष्कराच्या .३८ काडतुसाचं पितळ, म्हणजे त्याची पुंगळी, सुमारे १९.७ मिलिमीटर लांब. अमेरिकन .३८ स्पेशलचं सुमारे २९.३ मिलिमीटर, आणि ते किंचित बारीक. व्हिक्टरी मॉडेलची कितीतरी रिव्हॉल्व्हरं युद्धानंतर कप्पे खोल करून .३८ स्पेशलसाठी फिरवली गेली. लांबी जमली, जाडी जमली नाही. कप्पा मागच्या बाजूला सैल राहतो आणि पितळ तिथे फुगतं, कधी चिरतं. एखाद्या जुन्या प्रकरणात अशी फुगलेली पुंगळी समोर आली, तर ती फिरवलेल्या रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवते. पुंगळीच्या बुडावरची अक्षरंही वाचायची असतात. तिथे 'के एफ' असेल तर काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं.

टेबलावरच्या रिव्हॉल्व्हरच्या कप्प्यांना हात लागलेला नव्हता. नळीला लागला होता. तिथेच आम्हाला खरी वाट सापडली.

ब्रिटनमध्ये विक्रीला जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीची 'प्रूफ हाउस'मध्ये परीक्षा होते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी आणि सिलिंडर टिकतात का ते बघतात, टिकले तर ठसा ठोकतात. लंडनचं प्रूफ हाउस जुनं, बर्मिंगहॅमचं १८१३ च्या कायद्याने झालेलं. लष्कराची स्वतःची तपासणी वेगळी असल्याने लष्करी मालाला हा नागरी ठसा लागत नाही. सरकारने तो माल विकायला काढला की मग लागतो. म्हणजे लष्करी रिव्हॉल्व्हरवर प्रूफ हाउसचा ठसा हा त्याच्या निवृत्तीचा दाखलाच समजा. शिवाय हे ठसे काळानुसार बदलत गेले. बर्मिंगहॅमने १९५४ मध्ये नवे नियम आणले, तेव्हापासून मुकुटाखाली बी एन पी ही तीन अक्षरं येऊ लागली. त्याआधीच्या ठशांची अक्षरं वेगळी होती.

निकेलच्या थराखाली, सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यावर, बुजल्यासारखा एक छोटा ठसा होता. टॉर्च आडवी धरली. असे ठसे वाचायचे तर उजेड समोरून नाही, बाजूने, धातूच्या पृष्ठभागालगत यावा लागतो, म्हणजे खड्ड्यांत सावली पडते. मुकुट दिसला, आणि खाली बी, एन, पी.

मुलाला मी लगेच काही बोललो नाही. नळीकडे वळलो. उजव्या बाजूला प्रूफ हाउसचीच आणखी एक ओळ होती: .३८, .७६७, साडेतीन टन. मधला आकडा पितळाची लांबी इंचांत, शेवटचा दाब. या ओळीतल्या 'टन्स' शब्दाचं शेवटचं अक्षर नळीच्या तोंडाशी अर्धंच होतं. एस चं अर्धं पोट कापलं गेलेलं.

आता क्रम बघा. कारखान्यात अर्धं अक्षर कुणी ठोकत नाही. म्हणजे ठसा पडला तेव्हा नळी पूर्ण होती, कापाकापी नंतरची. कापलेल्या तोंडावरही निकेल चढलेलं होतं, म्हणजे निकेल कापण्याच्याही नंतरचं. निकेल चापावर आणि घोड्यावरही होतं. स्मिथ अँड वेसनने स्वतः निकेल केलेल्या रिव्हॉल्व्हरवर चाप आणि घोडा निकेल न करता तसेच ठेवलेले असतात, आणि या युद्धकाळच्या मॉडेलला तर मुळात मंद राखाडी मुलामा होता. म्हणजे निकेल कारखान्याचं नव्हे, कुठल्यातरी बाहेरच्या टाकीतलं. सिलिंडर बाहेर काढल्यावर नळीच्या पोटाखाली जी सपाट जागा दिसते तिथला नंबर दस्त्यावरच्या नंबरशी जुळत होता. याचा अर्थ नळी बदललेली नाही, तीच कापलेली आहे. आधी स्प्रिंगफील्ड, मग लष्कर, मग १९५४ किंवा त्यानंतर बर्मिंगहॅम, मग कुणाची तरी करवत, मग निकेल. एका अर्ध्या एस ने पाच घटना ओळीत लावून दिल्या.

आणि १९४५ ला देवळालीत मेजरसाहेबाने दिलं ही गोष्ट उभी राहू शकत नव्हती. ते मला त्या मुलाला सांगावं लागलं. तो बराच वेळ गप्प बसला. मी त्याला एकच प्रश्न घरी विचारायला सांगितला: आजोबा १९५४ नंतर कधी विलायतेला गेले होते का?

इथे नंबर पुसण्याबद्दल बोललं पाहिजे, कारण जुन्या घरांत नकळत सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथेच. गंज काढायचा म्हणून कुणी पॉलिश पेपर मारतं, कुणी बफवर धरतं, आणि अक्षरांच्या कडा विरघळून जातात. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार नाव, नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं, खोटी ठोकणं हा गुन्हा आहे. आणि अशी पुसलेली वस्तू ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती पुसली असं धरलं जातं, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. नळी आखूड करायलाही, कलम ६ प्रमाणे, परवाना लागतो. जुनं आहे म्हणून सूट मिळेल असं अनेकांना वाटतं. सूट आहे ती दुरुस्त करूनही जे हत्यार म्हणून चालणारच नाही अशा जुन्या वस्तूला. चालू शकणाऱ्या लष्करी बोअरच्या रिव्हॉल्व्हरला तर मुळीच नाही. .३८० (म्हणजे वरचीच ब्रिटिश .३८) आणि .४५५ ची लष्करी काडतुसं उडवू शकणारी हत्यारं आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये, म्हणजे मनाई असलेल्या बोअरमध्ये येतात. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं तर पोलीस ठाण्यात कळवा आणि साफ करायला जाऊ नका. तेलाचा बोळासुद्धा फिरवू नका.

पुसलेला नंबर कायमचा जातोच असं नाही. पंच ठोकताना धातूचा वरचा भाग दबतो तसा त्याच्या खालचाही दबतो. कानशीने वरचं अक्षर गेलं तरी खालच्या दबलेल्या कणांची रचना वेगळी राहते. प्रयोगशाळेत त्या जागेवर रसायन लावलं की दबलेला आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि आकडा धूसर वर येतो, कधी काही क्षणांपुरताच. म्हणून फोटो लावायला कॅमेरा आधीच तयार ठेवतात. हे काम कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणचं, घरचं किंवा दुकानाचं नव्हे. फार खोल कानस मारली असेल तर तिथेही हात टेकावे लागतात.

खोटा नंबर ओळखायला मात्र बरेचदा डोळे पुरतात. कारखान्याचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे. हाताने ठोकलेले नाचतात. तीनचा आठ केला असेल तर डाव्या बाजूची गोलाई नवी, धारदार दिसते. आणि खोटं करणारा सहसा एकाच जागी करतो. स्मिथ अँड वेसनने तोच नंबर दस्त्याच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीखाली आणि उजव्या लाकडी मुठीच्या आतल्या अंगाला दिलेला असतो. चारही जागी जाऊन कोण खोटं ठोकणार? खैबरच्या बाजूच्या गावठी कारखान्यांतला माल आणखी सोपा. तिथले कारागीर हाताने अप्रतिम नक्कल करत, पण इंग्रजी अक्षर वाचत नसत. एन उलटा, स्पेलिंग चुकीचं. बंदुकांवर तर व्हिक्टोरिया राणीचं चिन्ह आणि खाली राणी १९०१ मध्ये गेल्यानंतरचं साल असाही मेळ सापडतो. त्या हातांच्या कौशल्याबद्दल मला खरोखर आदर वाटतो. ठसा खोटा असला तरी कानस चालवणारा हात पक्का होता.

धातू वाचून झाला की कागद. या दोन्हींची गाठ पडल्याशिवाय माग पूर्ण होत नाही. याचं माझ्या मनात घर केलेलं उदाहरण रिव्हॉल्व्हरचं नाही, पिस्तुलाचं आहे. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये सॉन्डर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. भगतसिंगांचं .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल खटल्याच्या कागदपत्रांत नंबरासह नोंदलेलं होतं: १६८८९६. पुढे ते पिस्तूल कुठे गेलं ते कुणाला सांगता येईना. २०१६ मध्ये इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र संग्रहालयात एका पिस्तुलावरचा काळा रंग खरवडला, खाली नंबर दिसला, आणि तो हाच होता. गंज लागू नये म्हणून दिलेल्या रंगाखाली तो इतकी वर्षं दबून होता. १९२८ च्या प्रकरणात कुणा कारकुनाने सहा आकडे बिनचूक उतरवले नसते, तर रंगाखालचा नंबर सापडूनही उपयोग झाला नसता.

आमच्या प्रकरणात नेमकी तीच चूक निघाली. मुलाने आजोबांच्या परवान्याची जुनी वही आणली होती. तिच्यातला नंबर पाच आकडी, आणि रिव्हॉल्व्हरवरच्या नंबरशी त्याचा काही संबंध नाही. दुकानातल्या तरुण मुलाने माझ्याकडे घाबरून पाहिलं. परवाना एका वस्तूचा आणि तिजोरीत दुसरीच, असा त्याचा अर्थ होऊ शकत होता. मी सिलिंडर बाहेर काढून तो ज्या बिजागरीवर झुलतो तिच्या खोबणीत टॉर्च मारली. तिथे परवान्यातला पाच आकडी नंबर होता. कारखान्यात जोडणी करताना कुठला भाग कुठल्या सांगाड्याचा हे लक्षात राहावं म्हणून तिथे एक वेगळा जोडणी क्रमांक घालतात. तो अनुक्रमांक नव्हे. नोंद घेणाऱ्याने सिलिंडर उघडल्यावर जो आकडा समोर दिसला तो लिहून घेतला. दस्ता उलटा करून पाहिलाच नाही. ही चूक मी आधीही पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी घरच्यांची झोप उडालेली असते.

चार दिवसांनी मुलाचा फोन आला. कराडच्या आत्यांना त्याने विचारलं होतं. आजोबा १९५८ मध्ये लष्कराच्या एका कोर्ससाठी विलायतेला गेले होते, आत्यांना पक्कं आठवत होतं, कारण येताना आजोबांनी आत्यांसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. देवळालीचे मेजरसाहेब तिथे त्यांना भेटले, त्यांच्या घरी जेवायला बोलावलं, हेही आत्यांनी ऐकलेलं होतं. रिव्हॉल्व्हर साहेबांनी तिथे दिलं की आजोबांनी तिथल्या दुकानातून विकत घेतलं, ते आत्यांना सांगता येईना. स्मिथ अँड वेसनच्या इतिहास संस्थेला नंबर कळवून फी भरली तर जुन्या नोंदींतून कारखान्यातून माल कधी आणि कुणाकडे रवाना झाला त्याचं पत्र मिळतं. तो अर्ज आम्ही केला. पण त्या पत्रात १९५८ चं काही असणार नाही, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं.

मग तो म्हणाला, "काका, तो डबा आत्याकडे अजून आहे. सुया-दोरे ठेवते त्यात. तळाशी लाकडाचा एक तुकडा आहे म्हणाली, मुठीसारखा."

पुढच्या रविवारी तो कराडला जाऊन तुकडा घेऊन आला. अक्रोडाची गुळगुळीत, नक्षी नसलेली मूठ, उजव्या बाजूची. डावी नव्हती. आतली बाजू वर केली. लाकूड तेल पिऊन काळं पडलेलं, त्यावर बारीक आकडे. मी टॉर्च आडवी धरली आणि त्याला म्हटलं, तूच वाच. त्याने आधी व्ही वाचला. मग एकेक आकडा, दस्त्याकडे बघून ताडून बघत, शेवटपर्यंत.

परवान्यातली नोंद दुरुस्त करून घेण्याचा अर्ज आम्ही दोन्ही नंबर लिहून, कुठला कुठे सापडतो ते सांगून, फोटोंसह दिला. मूठ परत बसवायची नाही असं ठरलं. दुकानाच्या रजिस्टरमध्ये रिव्हॉल्व्हरच्या नोंदीखाली एक नवी ओळ घातली: लाकडी मूठ, उजवी, एक नग, नंबर जुळतो.